पाठमोरी माणसं

आमच्या ह्यांना इटलीला पाठवायची बुद्धी अबू जाफरला झाली, तेव्हा मी त्याला तोंडभर दुवा दिली होती. आता दुवाही देत नाही आणि शिव्याही देत नाही. माणूस वाईट नाही तो. आम्ही सौदीत कतीफमध्ये आलो तेव्हापासून तोच ह्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा मिळतो तो मालक. आमच्या ओळखीत असे किती जण आहेत ज्यांचा कफील त्यांना आपल्या ताटात जेवायला बसवतो? पण चांगल्या माणसानंही दुसऱ्याच्या डोक्यात काय भरवावं, याला काही धरबंध हवा की नको!

हे म्हणजे गफूर. श्रीवर्धनच्या खालच्या अंगाला खाडीवर आमचं गाव. इथे आले ते दुकानांच्या पाट्या रंगवायला. हात असा की ब्रश टेकवला की अक्षर उभं. पुढे पाट्या मशीनवर छापायला लागले, तेव्हा हे छतांकडे वळले. इथल्या पैसेवाल्यांच्या मजलिसीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, छताला वेली काढायच्या, सोनेरी पानं काढायची. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवणार, हे तसंच्या तसं उतरवणार. अख्खी हयात हा माणूस मान वर करून दुसऱ्यांच्या पसंतीच्या वेली काढत राहिला. स्वतःचं म्हणावं असं एक चित्र नाही. मी विचारलं की म्हणायचे, "माझ्या पसंतीला कोण विचारतंय?"

मग साखरेनं डोळे धरले. डावा तर बघता बघता गेला. उजव्यातही पडदा पसरायला लागला. दम्मामच्या डॉक्टरनं समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं. घेत राहिलात तर उजवा टिकेल. बारीक काम जमणार नाही, पण माणसं ओळखाल, रस्ता दिसेल. सोडलंत तर तोही जाईल, आणि गेला की परत येणार नाही.

परतताना आमची मुलगी उझमा गाडी चालवत होती. ती तिकडेच एका लॅबमध्ये नोकरी करते. हे मागच्या सीटवरून म्हणाले, "आमिना, हा डोळा जायच्या आत मला एक भिंत करायची आहे. माझी स्वतःची."

"डोळा टिकवा आधी," मी म्हटलं. "भिंती कुठे पळून चालल्यात?"

"तू नुसती हो म्हण गो."

मी कसली हो म्हणतेय! पण त्याच सुमाराला अबू जाफरनं आपल्या खजुराच्या बागेत नवी मजलिस बांधायला काढली. त्याचा मुलगा इटलीत शिकून आलेला. त्याच्या मनात, मजलिसीची एक अख्खी भिंत तिकडच्या जुन्या पद्धतीनं रंगवायची, ओल्या चुन्यावर. अबू जाफर ह्यांना म्हणाला, "गफूर, उन्हाळाभर तू तिकडे जा, शिकून ये. आणि भिंतीवर काय काढायचं ते तूच ठरव." तूच ठरव! एवढ्या वर्षांत ह्यांना हे कोणी म्हटलं नव्हतं. घरी आले ते निकाहाच्या दिवशी आले होते तसे, कानापर्यंत लाल होऊन. मला मेलीला आनंदच झाला. इंजेक्शनं चुकणार हे कळत असून मी बॅग भरून दिली. जवळा घातला, आमसुलं घातली, कोट घातला. कोट कशाला तर तिकडे थंडी असेल म्हणून. भर जुलैत!

तिथून रोज फोन यायचा. व्हिडिओ लावायचे आणि स्वतःचं तोंड दाखवायचं सोडून भिंती दाखवायचे. मी ओरडायची, "अहो, मी तुम्हाला बघायला फोन घेतलाय, ह्या पोपडे आलेल्या भिंती कसल्या दाखवता!" तर म्हणायचे, "नीट बघ. हा रंग बघ. आपल्या जांभ्या दगडावर संध्याकाळचं ऊन पडतं ना, तस्सा." मला काही ते दिसायचं नाही. पण ह्यांचा आवाज ऐकून बरं वाटायचं. आवाजात वय उरलं नव्हतं.

ज्या गावात हे शिकत होते तिथे एक जुनं देऊळ होतं त्या लोकांचं. त्याच्या भिंतीवर माणसांची रांगच्या रांग रंगवलेली. एक दिवस फोन आला तो श्वास लागल्यासारखा. "आमिना, इथे रंग भिंतीवर नसतो, भिंतीत असतो. ओल्या चुन्यात रंग मुरतो आणि चुना सुकला की दगड होतो. शेकडो वर्षं जात नाही. आणि ऐक, त्या रांगेत एक माणूस पाठमोरा आहे. एकच. बाकी सगळ्यांचे चेहरे आहेत, पण मला तोच ओळखीचा वाटला. त्याच्या नुसत्या खांद्यावरून कळतं गो, की ह्याला घरी जायचंय."

तिथेच ह्यांना भिंत सुचली. आपलं गाव काढायचं, सगळं पाठमोरं. पहाटे खाडीकडे निघालेली माणसं, टोपल्या, होड्या, आणि सगळ्यांच्या पाठी. चेहरे काढायचे नाहीत म्हणजे आमच्यातल्या कोणाला बोलायला जागा नाही. आमच्या घरात सजीवाचं चित्र कधी लागलं नाही, आणि मीच ते लावू दिलं नाही, हेही खरं. ह्यांनी बरोब्बर मधली वाट काढली. मी म्हटलं, "पाठीवरून कोण कोणाला ओळखणार?" तर म्हणाले, "तू ओळखशील."

परत आले ते वजन उतरलेले आणि डोळ्यात लाली. डॉक्टर रागावला. इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. आणि थंडी पडल्यावर भिंत सुरू झाली.

चुना अबू जाफरनं मागवला, तो महिनेच्या महिने भिजत घातलेला होता. रंगही तिकडून आणलेले. राहिली रेती. बाजारातली पोत्यातली रेती ह्यांनी चिमटीत घेऊन टाकून दिली. "ही वाळवंटातली, गोल दाण्याची, पिठासारखी. हिला धर नाही. आपल्याकडे गिलाव्याला खाडीची रेती असते, शिंपल्याचा चुरा असलेली. अब्बांनी मशिदीचा गिलावा त्याच रेतीत केला, अजून टाचणी रुतत नाही." आणि गेले, समुद्राच्या कडेची रेती घेऊन आले. चाळली, वाळवली आणि चुन्यात कालवली. मला दाखवायला घरी मूठभर आणलीन, शिंपल्याचे कण चमकत होते. मला पण गावच आठवलं. मी म्हटलं, हो, अगदी आपल्यासारखी.

मग रोज तेच. जेवढं एका दिवसात रंगवायचं तेवढाच गिलावा सकाळी ओढायचा, आणि तो ओला आहे तोवर रंगवून मोकळं व्हायचं. चुकलं तर खरवडून दुसऱ्या दिवशी नव्यानं. नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ जाऊन हे रंगवत. एका डोळ्यानं, तोही अर्धा. संध्याकाळी घरी येऊन डोक्यावर ओला रुमाल टाकून पडायचे. मी भांडायची, "ती भिंत तुमचा डोळा खाणार आहे." तर म्हणायचे, "खाऊ दे. पोट भरल्यावर तरी थांबेल."

काम संपलं तेव्हा मला घेऊन गेले. मी दारातच थांबले. या अल्लाह! अख्खं गाव माझ्याकडे पाठ करून चाललं होतं. पुढे आमच्या गावचे हुसेनमियाँ, एक खांदा पडलेला, हातातली दिवटी विझवायला विसरलेला. ती लुंगी गुंडाळायची तऱ्हा दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. होडीशी माझी सासू, वाकलेली, डोक्यावर टोपली आणि कमरेवर हात. जाऊन किती वर्षं झाली त्यांना. आणि सगळ्यांच्या मागे, रांगेपासून जरा सुटून, एक मुलगी. डोईवरचा पदर अर्धा घसरलेला, एक टाच उचललेली, कारण टाचेत काटा होता. अगो बाय, ही तर मी! लग्नाच्या वर्षीची मी. मला स्वतःची पाठ कशी माहीत असणार? पण मी ओळखली. दोन्ही हातांनी तोंड दाबून रडले. हे माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "निळा रंग बरा आलाय ना? मला हल्ली निळा नीट कळत नाही."

अबू जाफर येईल त्या पाहुण्याला आधी ती भिंत दाखवायचा. हे दर जुम्म्याला नमाजानंतर तिथे जायचे, भिंतीसमोर बसून काहवा, ती अरबी कॉफी, प्यायचे आणि घरी यायचे. भिंतीला बोट लावू द्यायचे नाहीत कोणाला, स्वतःही लावायचे नाहीत. तो माणूस सुखात होता. मी पाहिलंय, म्हणून सांगते.

मग उन्हाळा आला. कतीफचा ऑगस्ट ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. दार उघडलं की चष्म्यावर वाफ, कपडे अंगाला चिकटलेले, आणि आत एसी धडधडतोय. एक दिवस अबू जाफरचा फोन मला आला. ह्यांना नाही, मला. उझमाची आई म्हणून हाक मारून मोडक्या हिंदीत म्हणाला, "उम्म उझमा, तुम आओ. गफूर को मत लाना."

उझमा मला घेऊन गेली. दार उघडलं आणि मला वाटलं कोणीतरी भिंतीवर पीठ फेकलंय. पांढरी लव उगवली होती. खालून वर चढलेली, बुरशी असते तशी, पण कोरडी. जमिनीवर रंगाचे खवले पडले होते, निळे, तांबडे. हुसेनमियाँ गुडघ्यापर्यंत गेले होते. सासूबाईंच्या जागी नुसता पांढरा डाग. अबू जाफर म्हणाला, नोकरानं कोपऱ्यात फडक्यानं पुसून पाहिलं, तर लवेबरोबर रंगही आला. त्याच्या मुलानं इटलीतल्या उस्तादाला फोटो पाठवले होते. उस्तादाचं उत्तर आलं होतं, की गिलाव्याच्या पोटातच मीठ आहे, ते येतच राहणार, भिंत संपेपर्यंत.

मी बोटानं ती लव उचलली आणि जिभेवर ठेवली. मीठ. आणि तिथे उभ्या उभ्या मला गावचं अंगण दिसलं.

आमच्याकडे घर बांधायचं तर रेती उन्हाळ्यात होडीनं यायची आणि अंगणात ढीग पडायचा. लगेच कोण वापरतंय? पावसात काम होत नाही, सगळं काम दिवाळीच्या सुमाराला. चार महिने तो ढीग पागोळ्यांखाली पडून. आम्ही पोरं त्यावर घसरगुंडी करायचो, त्यावर गवत उगवायचं. रेती धुवायची असं आमच्या गावात कोणी कधी म्हटलं नाही, कारण कोणी धूतच नव्हतं. पाऊस धूत होता. ह्यांच्या गवंडी अब्बांनी ह्यांना सगळं शिकवलं, चाळणी कशी धरायची, थापी कशी मारायची. हे नाही शिकवलं, कारण हे त्यांनाही माहीत नव्हतं. आणि इटलीत रेती धुतलेलीच पोत्यातून यायची. मेला एक पाऊस! तेवढाच काय तो इथे नव्हता.

"अब्बूंना सांगायचं नाही," मी उझमाला म्हटलं.

"अम्मी, ही विल सी इट. हर फ्रायडे जाते हैं वो."

तीही खरंच बोलत होती. त्या जुम्म्याला मी पोट दुखतंय म्हटलं, पुढच्या जुम्म्याला ऊन फार म्हटलं. त्याच्या पुढच्या जुम्म्याला हे चप्पल घालून दारात उभे राहिले. "तू येतेस की मी टॅक्सी करू?"

गेलो. अबू जाफर आम्हाला बघून आतल्या खोलीत निघून गेला. हे नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मी मागे उभी होते.

"आमिना," हे म्हणाले, "सगळं पांढरं दिसतंय मला."

ह्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.

"हुसेनमियाँ दिसत नाहीत. खाली सगळं धुकं." हे माझ्याकडे वळले. "खरं सांग. भिंतीला काही झालंय?"

ह्या माणसाला एकच गोष्ट हवी होती आयुष्यात. मी काय म्हणणार होते? तुम्ही सांगा, काय म्हणायला हवं होतं मी?

"भिंत आहे तशी आहे," मी म्हटलं. "डोळा आहे तुमचा तो. आणखी उतरलाय."

मला वाटलं ते खाली बसतील. पण ह्यांनी श्वास सोडला, असा लांब. आणि हसले! माझा हात शोधून धरला आणि म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह. मी घाबरलो होतो गो. डोळा काय, जायचाच होता. भिंत राहिली ना, मग खलास, झालं." घरी जाताना टॅक्सीत त्या पाकिस्तानी ड्रायव्हरला पण सांगितलं, माझी भिंत आहे, शेकडो वर्षं राहणार आहे.

बुधवारी इंजेक्शनची तारीख होती. हे उठेनात. म्हणाले, "आता कशाला? एवढी टोचून घेतली, तरी भिंत दिसेना झाली. म्हणजे औषध लागू पडत नाही. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. आता सुई नको." उझमा रडली, ओरडली, डॉक्टरशी फोनवर बोलायला लावलं. डॉक्टर म्हणाला, डोळा अजून तेवढाच आहे, वाचतोय, ह्यांना घेऊन या. ह्यांनी फोन बंद केला. "डॉक्टरला काय कळतंय? माझ्या डोळ्याला पांढरं दिसतं की त्याच्या?"

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते. माझ्या एका शब्दानं भिंत उभी राहिली होती आणि डोळा पडत होता. उझमा म्हणाली, पुढच्या बुधवारची तारीख घेते, अम्मी, तोवर तूच बघ काय ते.

मी मंगळवारी सकाळी बसले ह्यांच्यासमोर. सगळं सांगितलं. मीठ सांगितलं, रेती सांगितली, अंगणातला ढीग आणि पाऊस सांगितला, इटलीतल्या उस्तादाचं उत्तर सांगितलं. "तुमचा डोळा चांगला आहे हो. तुम्हाला पांढरं दिसलं कारण तिथे पांढरंच आहे. डोळा वाचेल अजून. उद्या चला."

हे बराच वेळ टेबलावरच्या प्लास्टिकची घडी बोटानं सपाट करत बसले.

"होडीजवळची अम्मी?" विचारलंन.

"गेली."

"हुसेनमियाँ?"

"थोडे आहेत."

"तू?"

"मी आहे," मी म्हटलं. "कमरेपर्यंत. खालून येतंय वर."

मग मान हलवली, हळू, लहान मुलाला नाही म्हणावं तशी. "नाही आमिना. तू त्या दिवशी सांगितलंस तेच खरं. भिंत आहे. डोळा गेलाय."

"अहो, काय बोलताय! डोळा वाचतोय म्हणतेय ना मी—"

"वाचवून काय बघू?"

"मला बघा!" मी किंचाळले. शेजारणीनं ऐकलं असेल, ऐकू दे. "मी मेलेय का? उझमाला बघा. एवढी माणसं चेहऱ्यानिशी समोर फिरतायत ती बघा!"

ह्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. तेवढं दिसत होतं त्यांना तेव्हा, मी नक्की सांगते, माझे डोळे त्यांना दिसत होते. म्हणाले, "मी डोळा वाचवला तर मला ती भिंत पुसली जाताना बघावी लागेल. रोज थोडी थोडी. तू मला एकदा वाचवलंस. आता परत मागे घेऊ नकोस."

उझमा बुधवारी आली. खाली हॉर्न वाजवला, वर आली, पाया पडायची बाकी राहिली. हे दिवाणावर बसून राहिले आणि तिला म्हणाले, "बेटा, चाय पी के जा."

थंडी पडायच्या आत उजवा डोळा गेला. भिंत त्याच्याआधीच गेली. अबू जाफरनं ती खरवडून साधा गिलावा केला आणि वर लाकडाच्या पट्ट्या मारल्या. ह्यांना कोणी सांगितलं नाही, ह्यांनी विचारलं नाही. आता आमचं कायमचं गावी जायचं चाललंय, कागद व्हायचे आहेत. निरोप घ्यायला आमची कोकणातली माणसं येतात. जुबैलहून येतात, खफजीहून येतात. प्रत्येकाला हे भिंतीचं सांगतात. हुसेनमियाँची लुंगी सांगतात, टाचेतला काटा सांगतात, रंग भिंतीत कसा मुरतो ते सांगतात. ऐकणारे माना डोलावतात. आणि बोलता बोलता हे मध्येच थांबतात, माझा आवाज कुठून येतो ते कानानं शोधतात आणि विचारतात, "अजून तशीच आहे ना गो?"

मी हो म्हणते.